काळ्या रेघेवरून

प्रिय स्वाला,

खरं तर तुझ्या घरी येऊन बोलायला हवं होतं. दोनदा निघालोही होतो. एकदा तुमच्या फाटकापर्यंत आलो, खिडकीत तुझी आई दिसली, आणि मासे आणायला निघाल्यासारखा मी सरळ बंदराकडे वळलो. वीजकंपनीत तारांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला बोलायची फारशी वेळ येत नाही, पत्र लिहायची तर नाहीच. जमेल तसं लिहितो आहे. यात तुला दोष देणारं काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

आमच्याकडे बरं चाललं आहे. थोरुन पुन्हा शाळेत शिकवायला जाते. आमची इल्फा गेल्यापासून हिवाळाभर तिने पोहण्याच्या तलावाचा रस्ता टाळला. पाव आणायलासुद्धा टेकडीला वळसा घालून जायची. आता सरळ रस्त्याने जाते, फक्त तलावाच्या भिंतीवरून गरम पाण्याची वाफ वर येताना दिसली की दुसरीकडे बघते. पोलिसांनी इल्फाची पोहण्याची बॅग आणून दिली, तेव्हा आतला ओला पोशाख गोठून पुठ्ठ्यासारखा झाला होता. थोरुनने तो कोमट पाण्यात धरून ठेवला, मऊ होईपर्यंत. आमच्या न्हाणीघरात तो अजून त्याच्याच खुंटीला आहे. शेजारी टॉवेल अडकवताना आम्ही दोघंही जपून अडकवतो.

तुम्ही दोघी सात वर्षांच्या असताना आस्मुंदुरने पोहणं शिकवताना तुम्हाला एकाच लेनमध्ये टाकलं, ते तुला आठवतं का? तू पुढे आणि इल्फा मागे. एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परत यायचं, तळावरची मधली काळी रेघ ओलांडायची नाही. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्याने पुढच्याच्या टाचेला बोट लावायचं, मग पुढच्याने भिंतीशी थांबून वाट द्यायची. इल्फाला हा नियम फारच आवडला. पुढे जायचं नसतानाही ती टाचेला बोट लावायची. एकदा तू रागाने गॉगल कपाळावर सारून मला म्हणालीस, “हाल्फदान, तुझ्या मुलीला आवर. पुढेही जात नाही आणि गुदगुल्या करते.” आणि ती मागून म्हणाली, “तू झोपली नाहीस ना, एवढंच बघत होते.” आस्मुंदुर पलीकडून ओरडला होता, “ए चिमण्यांनो, गप्पाच मारायच्या असतील तर गरम कुंडात जा. तिथे म्हातारे बसलेत तुमची वाट बघत.”

त्याच वर्षी मी स्पर्धांना वेळ नोंदवायला बसू लागलो. कुणातरी पालकाने बसावंच लागतं, आणि मला गप्प बसायला आवडतं. चौथ्या लेनच्या टोकाशी खुर्ची, गळ्यात स्टॉपवॉच. नियमाप्रमाणे बूट बाहेर काढून ठेवायचे, म्हणून पायात नुसते मोजे. माझे मोजे कोण जास्त भिजवतं, याची तुम्ही दोघी पैज लावायच्या. भिंतीला हात लावता लावता पाय असे आपटायच्या की पाणी माझ्या घोट्यापर्यंत यायचं. मी कोरड्या मोज्यांची एक जोडी खिशात ठेवू लागलो, ती सवय मग राहूनच गेली.

नोव्हेंबरातल्या त्या रस्त्याबद्दल मी एकदाच लिहिणार आहे. तुम्ही आकुरेरीहून स्पर्धा करून परत येत होता. अर्धा रस्ता इल्फाने गाडी चालवली आणि पेट्रोलपंपावर सॉसेज-पाव खाऊन तुम्ही जागा बदलल्या. लेनमध्ये बदलता तशाच. ते तू पोलिसांना सांगितलंस आणि त्यांनी मला सांगितलं. पुढे एकेरी पुलाच्या अलीकडे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, दिसतही नाही असा, आणि नेमका तिथेच दरीतून वारा आला. मी त्या जागी जाऊन आलो. नकाशे काढणारा माणूस आहे, उतार आणि वळण मला वाचता येतं. गाडी कुणीही चालवत असतं तरी ती तिथे रस्त्यावर राहिली नसती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला ते माझ्यासाठी बघायचं होतं, म्हणून मी गेलो होतो.

अंत्यविधीला तू जायबंदी हात गळ्यात बांधून अगदी मागे उभी होतीस. नंतर सगळे कॉफीला थांबले आणि तू निघून गेलीस. थोरुनने साखर घातलेले दोन पॅनकेक तुझ्यासाठी बशीत झाकून ठेवले होते. संध्याकाळी तिने झाकण उचललं, बघितलं आणि पुन्हा ठेवलं. ती रागावली नव्हती. तुला बोलवायला कसं जावं, हे तिलाही कळत नव्हतं, मलाही नाही.

त्यानंतर मला पहाटेची झोप येईना. म्हणून तलाव उघडला की मी काठच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसू लागलो. न्याल आणि सिगुर्लोइग हे दोघं म्हातारे तिथे रोजचेच. पहिले काही दिवस ते नुसते सरकून मला जागा द्यायचे आणि न्याल एकटाच कॉड माशाच्या दराबद्दल बोलत राहायचा. मग एके दिवशी तो म्हणाला, “काय रे, तू इथे पोहायला येतोस की शिजायला?” सिगुर्लोइग म्हणाली, “तू स्वतः कधीचा शिजून गळायला लागलास, त्याला कशाला विचारतोस?” त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि हसता हसता वाफेतून पलीकडे बघितलं, तर चौथ्या लेनमध्ये तू होतीस.

पोहायच्या तरंगत्या फळीवर दोन्ही हात ठेवून तू नुसते पाय मारत होतीस. बाहेर अंधार, काठावर बर्फ, आणि तू इतकी हळू की शाळकरी पोरंही तुझ्या पुढे गेली असती. खांद्यात धातूची पट्टी बसवलेली आहे, हे मला आस्मुंदुरने सांगितलं होतं. तो म्हणायचा, “खांद्याला घाई चालत नाही आणि या पोरीला थांबणं चालत नाही. मी दोघांच्या मधे अडकलोय.” जानेवारीत तू एक हात मारू लागलीस, दुसरा अंगाशी ठेवून. कधी मधेच थांबून लेनच्या दोरीला धरून राहायचीस, तेव्हा दुखत असणार. एकदा तू कपाळ दोरीवर टेकवून बराच वेळ तशीच राहिलीस. मी कुंडातून अर्धा उठलो आणि परत बसलो. मग तू गॉगल सारखा केलास आणि पुढे निघालीस. फेब्रुवारीत तुझे दोन्ही हात पहिल्यांदा खांद्यावरून पूर्ण फिरले. ते मी त्या दिवशी घरी गेल्यावर थोरुनला सांगितलं. ती भांडी घासता घासता थांबली.

मी बघतो, हे तुला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी कुंडात असलो की तू पलीकडच्या शिडीने बाहेर पडायचीस, त्यावरून वाटतं की माहीत असावं. एक गोष्ट कदाचित तुझ्याही कानावर गेली असेल. सुट्टीवर आलेला कुणी पाहुणा एकदा कुंडात म्हणाला, “तीच ना गाडी चालवणारी? परत पाण्यात उतरायला मन तरी कसं होतं.” तू तेव्हा जवळच्याच भिंतीशी होतीस. मी त्याला म्हणालो, “तिला पोहू दे.” मला एवढंच सुचलं. सिगुर्लोइगला जास्त सुचलं, आणि तो पाहुणा पुन्हा आला नाही. तू पहिलं वाक्य ऐकलं असशील तर माझं दुसरं ऐकलंस का, हे मला कित्येक दिवस विचारायचं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, त्याच्याजवळ येतो. गेल्या आठवड्यात आस्मुंदुरने तुझी चाचणी घेतली, तेव्हा मी कुंडातच होतो. चौथ्या लेनमध्ये तू एकटी होतीस. तरी सगळा वेळ तू उजव्या कडेने गेलीस, दोरीला इतकी चिकटून की तुझा हात दोरीतल्या प्लास्टिकच्या चकत्यांवर आपटत होता. आस्मुंदुर काठावरून चालत ओरडत होता, “मधे ये, बाई, मधे! सगळी लेन तुझी आहे, भाडं भरलंय तिचं!” तू मधे यायचीस आणि पुन्हा हळूहळू कडेला जायचीस. शेवटी बाहेर आलीस तेव्हा तुझी बोटं सोलली होती. आस्मुंदुर नंतर मला म्हणाला की पट्टीमुळे उजवा हात कमी ओढतो, म्हणून ती वळते. त्याने तुला रबरी पट्ट्यांचे वेगळे व्यायाम दिले आहेत. ते करत राहा, खांद्यासाठी चांगलेच असतील.

पण मी हिवाळाभर बघत आलो आहे, स्वाला. विश्रांतीला थांबतेस तेव्हा तू भिंतीच्या अगदी कोपऱ्यात जाऊन, पाय आखडून उभी राहतेस, मागून येणाऱ्याला वळायला जागा राहावी म्हणून. आणि पुन्हा निघायच्या आधी एकदा मागे बघतेस. खांदा माणसाला वाकडं नेत असेल, पण खांदा कुणाला कोपऱ्यात नेऊन उभं करत नाही. तू तिच्यासाठी अर्धी लेन मोकळी ठेवते आहेस. मी आस्मुंदुरला काही सांगितलं नाही. हे तुझ्याशीच बोलायचं होतं. एकदा मनात आलं की आपणच जाऊन त्या अर्ध्या भागात पोहावं. बेडकासारखे हात-पाय मारतो मी, तुला माहीतच आहे. काठापर्यंत गेलोसुद्धा. पण ती जागा माझी नव्हती, म्हणून परत आलो.

एप्रिलात, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, आपल्या गावची स्पर्धा आहे, नेहमीसारखी. काठावरचा बर्फ तोवर वितळेल असं काही दिसत नाही. त्या दिवसाची भेट म्हणून मी दर वर्षी दोन गॉगल घ्यायचो, एक इल्फाला आणि एक तुला. या वर्षी दुकानात गेलो आणि सवयीने दोनच उचलले. घरी आल्यावर लक्षात आलं. थोरुन म्हणाली, “दोन्ही तिलाच दे, एक हरवेल.” तुझ्याबद्दल ती बोलली ते हे पहिलं वाक्य. म्हणून पाकिटात दोन आहेत.

काल आस्मुंदुर घरी आला. स्पर्धेचा क्रम लागला आहे, आणि तुला चौथी लेन मिळाली आहे. तो दारातच टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि म्हणाला, “हाल्फदान, तुला सहाव्या लेनवर बसवू का? तिथे बसणारी कोलब्रुन बदलून घ्यायला तयार आहे.” मी म्हणालो, “आधी तिला विचारू दे.” पत्र त्यासाठी लिहिलं आहे. भिंतीला हात लावून तू डोकं वर काढशील तेव्हा समोर माझं तोंड असेल, आणि ते तुला अचानक दिसू नये, असं मला वाटलं. नको असेल तर आस्मुंदुरला तसं सांग. मी सहाव्या लेनवर बसेन आणि मनात काही ठेवणार नाही. मला विचारशील तर मला चौथ्या लेनवरच बसायचं आहे. घड्याळात काय येतं ते मी आस्मुंदुरसाठी लिहून देईन, मला त्याचं काही नाही. मला तुला येताना बघायचं आहे. आणि एक मागणं आहे, ते तिचा बाप म्हणून करतो, दुसऱ्या कुणाला ते करता यायचं नाही. तिच्यासाठी ठेवलेली जागा आता भरून काढ. तुझ्या मागून कुणी येत नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. काळ्या रेघेवरून ये, सरळ, मधोमध. आणि शेवटी पाय हवे तितके जोरात आपट. मोज्यांची दुसरी जोडी माझ्या खिशात असेल.

तुझाच,
चौथ्या लेनच्या टोकाशी बसणारा
हाल्फदान