बेकसाहेबांचं पान

२२ ऑक्टोबर २००७, सोमवार

— मग मुळा किसला. त्याआधी कोबी मिठातून काढून तीन पाण्यांनी धुतला. सुक्या मासोळ्यांची डोकी मोडली, पाणी उकळत ठेवलं. राइस कुकर लावला. मशीनमधले कपडे मागच्या बाल्कनीत वाळत घातले. खाऱ्या हवेने दोरी चिकट झाली होती, फडक्याने पुसून घेतली. ह्यांच्या साइटच्या शर्टाला इस्त्री केली, कॉलर दोनदा. परवाचा शनिवार. सगळं नेहमीसारखं! तीच कामं त्याच क्रमाने डोळ्यांपुढे येताहेत. मधलं एखादं राहून गेलं असेल, ते सापडलं तर —

काही सापडत नाही.

सकाळी सव्वासहाला ताट वाढलं. भात, आंबवलेल्या सोयाबीनचं सार, मुळा, कोबीची किमची, अंड्याची गुंडाळी. ह्यांनी तीन चमचे सार घेतलं आणि वाटी सरकवली. "टुडे, लिटल." एवढंच. बूट घालून गेले.

मी चिडले. सार सिंकमध्ये ओतलं आणि पातेलं आपटलं. त्या पातेल्याला पोचा आला आहे, आत्ता पाहिला.

अकरा वीसला प्लँटमधून फोन. पाइपांच्या सावलीत बसले आणि उठलेच नाहीत. वय बावन्न.

माणूस उपाशी गेला.

२३ ऑक्टोबर

शेजारची आबिदा दोन वेळा डबा ठेवून गेली. हैद्राबादची आहे. "अलका, खाना नक्को बोलके कैसा चलता जी? हलक कू कुछ तो लगाओ!" भाताचे चार घास गिळले. जिऱ्याचा वास आला आणि दचकले. ह्यांना जिरं चालत नाही, खिडकी उघडायला हवी, म्हणून उठलेसुद्धा. मग बसले.

कंपनीच्या कचेरीतले श्रीपाद आले होते. पुण्याचे, भला माणूस. "अलकाताई, घाई करतोय असं समजू नका." फॉर्म ठेवून गेले. देह हॉस्पिटलच्या शीतगृहात आहे. मुसलमान नसलेल्यांना इथे सौदीत अग्नी देता येत नाही, देशाबाहेर न्यावंच लागतं. फॉर्मवर दोन रकाने रिकामे. देह कुठे पाठवायचा? सोबत कोण जाणार? बायको म्हणून ठरवायचं मी. बुधवारपर्यंत, म्हणजे ३१ तारखेपर्यंत. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, ह्यांच्या नावावर होता. तेव्हा मलाही निघायचंच आहे. अकरा वर्षांचं घर, खलास.

कुठे पाठवायचं? कोरियात बुसानला त्यांची म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. लांज्याला माझी आई. तिने ह्यांना कधी जावई म्हटलं नाही.

२४ ऑक्टोबर

आईचा फोन. रडली थोडी. मग म्हणाली, "त्याला त्याच्या माणसांकडे लावून दे, तू घरी ये. सुटलीस एकदाची!"

सुटलीस!

२५ ऑक्टोबर

कपाट उघडलं तर कोरियन पाकिटं. जेद्दाहहून आणलेली. ह्यांनी शिकवलं नाही, पण पाकिटं बघून बघून मी ती अक्षरं वाचायला शिकले. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मराठीही अशीच पक्की केली, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. वाचायला कुणी लागत नाही. खायला घालायला माणूस लागतं.

आणि हा माणूस खातच नव्हता! कोथिंबिरीचं एक पान ताटात सापडलं तर चॉपस्टिकने उचलून काठावर ठेवायचे. दोन सापडली तर शेजारी शेजारी. पहिल्या वर्षी बाल्कनीत किमचीची बरणी ठेवली, ती उन्हाने फुटली. भिंतीवर लाल शिंतोडे! तेव्हा हे हसले होते, पोट धरून. पण दुसऱ्या बरणीतली चाखून म्हणाले, "नॉट मदर." मग मी स्पॅगेटी शिकले, जपानी पद्धतीची गोडसर करी शिकले, शेजारच्या फिलिपिनो बाईकडून व्हिनेगरमधली कोंबडी शिकले. कशालाही एकच शब्द — "ओके."

हिंगाची फोडणी ह्या घरात अकरा वर्षांत नाही. मी माझा वरणभात दुपारी एकटी, पंखा लावून जेवायचे.

२६ ऑक्टोबर

लग्नाचं आठवलं. १९९६, रत्नागिरीचं रजिस्ट्रार ऑफिस, मग लांज्याला घरी जेवण. मी इथल्या, यान्बूच्या दवाखान्यात साफसफाईला होते, हे बोट कापलं म्हणून आले होते, तिथली ओळख. आईने पिठलं, भाकरी, ठेचा केला होता. ह्यांनी एक घास घेतला. डोळ्यांत पाणी, कान लाल. पान सरकवलं. मला वाटलं तिखट लागलं. आईला वाटलं माज. सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या पानावर जेवेल त्या दिवशी जावई म्हणेन."

ह्यांनी विचारलं, "व्हॉट शी सेड?" मी खरं तेच सांगितलं. सांगायला नको होतं.

नंतर परत कधी गेलो नाही दोघं. मी एकटी जायची.

२८ ऑक्टोबर

दिरांचा फोन, मोडक्या इंग्रजीत. माझंही तसलंच. म्हणाले, मदर रोज एकच विचारते आहे. मेला तेव्हा पोटात अन्न होतं का?

फोन ठेवून दिला.

उद्या दहावा. अजून अग्नी नाही, दहावा कसला? पण साइटच्या कँपात मेस चालवणारे नाना निरोप पाठवून म्हणाले, "वहिनी, मनाच्या समाधानासाठी करा. मी येतो. साहेबांचं आमच्यावर फार होतं." नाना गुहागरचे. एक-दोनदाच भेटलेत.

२९ ऑक्टोबर, सोमवार

रात्र फार झाली आहे. तरी सगळं लिहिते.

गच्चीवर केलं. इथे असलं काही उघड चालत नाही, म्हणून गुपचूप. आबिदा आणि तिचा नवरा हाशमभाई जिन्याच्या दारात उभे राहिले. नाना खालच्या गाळ्यातून पाट मागून घेऊन आले. मी पहाटेपासून रांधलं होतं. सार, मासा, किमची, अंड्याची गुंडाळी, सगळं ह्यांच्या चवीचं. जिरं नाही, कोथिंबीर नाही. पान कठड्यावर ठेवलं.

कावळे आहेत यान्बूत. आपलेच, म्हणे जहाजांवर बसून आलेले. तीन जण पाण्याच्या टाकीवर बसून बघत राहिले. जवळ येईनात.

"काही तरी मागे राहिलंय, वहिनी," नाना म्हणाले. "बोला. काय राहिलं असेल ते बोला."

मी हात जोडले. म्हटलं, तुमच्या आईकडे पोचवते तुम्हाला. कावळा हलला नाही. म्हटलं, माझी काळजी करू नका. नाही. आबिदा दारातूनच म्हणाली, "भाईसाब, अलका हमारी बहन है, फिकर नक्को करो!" तरी नाही. अर्धा तास झाला. ऊन डोक्यावर यायला लागलं.

तेवढ्यात नाना खाली बसले. टोपी काढली.

"माझ्यामुळे अडलंय हे."

"काय बोलता नाना?"

"वहिनी, साहेब आमच्या मेसमध्ये जेवायचे. वर्ष झालं. शनिवार, मंगळवार. पिठलं-भाकरी."

मला हसूच आलं. खरंच हसले. म्हटलं, "नाना, कुणाबद्दल बोलताय? बेकसाहेब? पिठलं?"

"पहिल्या दिवशी एक घास खाल्ला आणि नळावर जाऊन अर्धा तास तोंड धुतलं. पोरं हसली. पुढच्या शनिवारी परत आले! दोन घास. मी म्हटलं, साहेब, कशाला जिवाला त्रास? तर म्हणाले, वाइफ मदर. तिच्या पानावर जेवायचंय. प्रॅक्टिस." नाना डोळे पुसायला लागले. "चार महिन्यांनी अख्खी भाकरी. नंतर तर मिरची मागायला लागले. पोरं म्हणायची, चला, साहेबांचा आज पेपर आहे!"

अकरा वर्षं मी फोडणी दिली नाही आणि हा माणूस दर शनिवारी —

"मला का नाही सांगितलं?"

"दिवाळीला तुम्हाला घेऊन लांज्याला जायचं होतं. न सांगता. रजा मंजूर झाली होती, सहा नोव्हेंबरपासून."

आबिदाने पाणी दिलं ते नाना प्याले नाहीत.

"श्रावणात मला म्हणाले, फोन लाव तिच्या आईला, विचार, येऊ का. मी लावला. सगळं सांगितलं. आई म्हणाल्या..." नाना टोपीची घडी घालायला लागले.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, खायला शिकला म्हणून काय जावई होतो? माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हणावं. साहेब समोर उभे होते, वहिनी. माझ्या तोंडाकडे बघत. मी काय सांगणार? मी सांगितलं, आई म्हणाल्या, या, वाट बघते." नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "त्या दिवशी सगळ्या मेसला स्वतःच्या हाताने चहा वाढला त्यांनी. मी खोटं बोललो. आता तुमच्या नवऱ्याचा आत्मा अडला तर ते पाप माझं."

मला आठवत नाही पुढे कोण काय बोललं. मी एवढंच विचारलं — "त्या शनिवारी?"

"जेवले की! साडेदहाला. दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा बुक्कीने फोडून. मला पाठीवर थाप मारली आणि गेले. तासाभरात..."

कावळा शिवला की नाही, पाहिलंच नाही कुणी. आबिदा म्हणते खाली उतरताना पानावर मासा नव्हता. मांजरही असेल.

३० ऑक्टोबर, सकाळ

राग आला आहे. मेलेल्या माणसावर एवढा राग येतो हे माहीत नव्हतं. अहो, मला सांगायचं होतंत! एका घरात राहून दोघं चोरून जेवलो. मी दुपारी पंखा लावून, तुम्ही मेसमध्ये कांदा फोडून. एकदा नुसतं म्हणायचं होतंत, आज पिठलं कर.

केलं असतं हो. धावत केलं असतं.

३० ऑक्टोबर, दुपार

आईला फोन केला. नानांचं नाव सांगितलं. मग म्हणाली,

"मला काय माहीत तो मरणार आहे!"

फोन ठेवला.

मग दिरांना लावला. सासूबाईंना सांगा म्हटलं, पोट भरलेलं होतं. त्यांनी सांगितलं असावं. मागून म्हातारीचा आवाज आला, उंच, मग एकदम बारीक. दीर म्हणाले, मदर विचारते, काय खाल्लं? आता पिठलं इंग्रजीत कसं सांगायचं? म्हटलं, हरभऱ्याच्या पिठाचं, पातळ नाही, घट्टही नाही, लसूण घालून. ज्वारीची भाकरी. कांदा. त्यांनी तिकडे सांगितलं. परत आवाज. "मदर आस्किंग, कुणी केलं? तू?"

कँपातल्या लोकांनी, असं सांगितलं. का ते सांगितलं नाही. ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

"मदर सेज, गुड. ही एट वेल."

तेव्हा रडले. दहा दिवसांत पहिल्यांदा धड रडले.

संध्याकाळी आईचा फोन आला, तिने आपण होऊन केलेला. आवाज बसलेला. "अलके, त्याला इकडेच आण. आपल्या नदीवर सगळं करू. पान मी मांडते. जावई म्हणून मांडते गो." तिला एवढं मऊ बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. बरं म्हटलं. खरंच वाटलं, ह्यांना हेच तर हवं होतं.

उद्या श्रीपाद फॉर्म मागतील. लांजा लिहायचं.

१ नोव्हेंबर

काल हाशमभाईंनी गाडीतून कचेरीत सोडलं. लांजा लिहायला पेन टेकवलं आणि वाटलं, आईचं पान आता उशिराचं, बुसानच्या म्हातारीला मात्र ते का खाल्लं हे समोर बसून सांगायचं राहिलंय. फॉर्मवर लिहिलं — बुसान. सोबत जाणार — पत्नी. श्रीपाद म्हणाले, "ताई, परतीचं तिकीट कुठलं काढू, मुंबईचं?" मी म्हटलं, काढू नका.