तोंडपाठ

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! टेम्पोवाल्याने दोनदा रस्ता चुकवला आणि दोन्ही वेळा खापर माझ्याच डोक्यावर फोडलं, तरी मन प्रसन्न आहे. भावजी स्वतः खाली आले. माझी पुस्तकांची पेटी एकट्याने तिसऱ्या मजल्यावर नेली आणि धापा टाकत म्हणाले, "वहिनी, दादा गेला म्हणून नातं नाही गेलं." धाकट्या जाऊबाईंनी पलंगावर नवी कोरी चादर घातली होती. घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

सासूबाईंच्या खोलीतच माझी सोय केली आहे. खिडकी मोठी. खाली छापखान्याचं पत्र्याचं छप्पर, त्यावर मांजरं ऊन खात पडलेली. सासूबाईंना आता कोणीच ओळखू येत नाही. मी त्यांचा हात धरून म्हटलं, आई, मी आले. त्या म्हणाल्या, आई, मी आले. धाकटी हसायला लागली. कानावर पडेल ते तसंच्या तसं परत देतात म्हणाली, अगदी पोपट झाल्यात. मलाही हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात विमा कंपनीच्या इथल्या शाखेत रुजू व्हायचं. तोवर आराम. लोकांचे खोटे दावे तपासून डोळे विटलेत, थोडे दिवस खरी माणसं बघू दे.

७ मार्च, गुरुवार

रुळले. सकाळी आईंना अंघोळ घालणं मी आपणहून अंगावर घेतलं. त्यांच्या पाठीवर पाणी ओतलं की लहान मुलीसारख्या खिदळतात. बाहेरच्या दाराला आतून कुलूप असतं, कारण मागे एकदा त्या गाऊनवरच रस्त्यावर गेल्या होत्या. किल्ली धाकटीच्या कमरेला. मागितली की देते.

आज जेवताना भावजींनी ह्यांच्या डबीचा विषय काढला. डबी म्हणजे ह्यांचं हार्डवेअर वॉलेट, पेनड्राइव्हएवढं, दोन बटणं आणि नखाएवढी काच. बारा वर्षं हे त्यात बिटकॉइन साठवत होते. घरच्यांनी तेव्हा टवाळी केली, दादाचं खेळणं म्हणायचे. आता खेळण्याची चौकशी फार आस्थेने झाली. मी सांगितलं, आहे माझ्याकडे, नीट आहे.

किती नीट ते सांगितलं नाही. डबी हरवली, फुटली तरी चोवीस शब्द माहीत असले की दुसऱ्या कुठल्याही डबीत सगळं परत मिळतं. साधे इंग्रजी शब्द, पण क्रम मोडता कामा नये. लोक ते कागदावर लिहितात. ह्यांचा कागदावर विश्वास नव्हता. कागद सापडतो म्हणायचे. आजारपणात उशाशी बसवून त्यांनी ते शब्द माझ्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले. शेवटचे काही दिवस नवरा-बायको म्हणून आम्ही दुसरं काही बोललोच नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

१० मार्च, रविवार

भावजींनी लॅपटॉप समोर ठेवला. वहिनी, निदान आहे की नाही ते तरी बघून घेऊ. म्हटलं, बघू. त्यांनी डबीचं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवलं होतं. उघडल्याबरोबर त्याने चोवीस रिकामे चौकोन दाखवले आणि शब्द भरा म्हणालं.

मी लॅपटॉप मिटला. ह्यांनी हजारदा बजावलं होतं, शब्द विचारणारं अ‍ॅप म्हणजे चोर, मग त्याचा पोशाख कितीही साहेबी असो. भावजी म्हणाले, मला काय ठाऊक, जाहिरातीत सगळ्यात वर हेच होतं. असेल.

ते काढून टाकलं. कंपनीचा पत्ता मी स्वतः एकेक अक्षर टाइप केला, खरं अ‍ॅप घेतलं, डबी केबलने जोडली. पिन डबीवरच टाकायचा असतो, लॅपटॉपवर नाही. अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी, किल्ली डबीच्या पोटातून बाहेर येत नाही. अ‍ॅपने डबी अस्सल असल्याची खात्री केली आणि आकडा दाखवला.

आकडा इथे लिहीत नाही. भावजींचा चेहरा लिहून ठेवते. एखादा माणूस भुकेला आहे हे त्याला स्वतःलाच अचानक कळावं, तसा.

मग ते हसून म्हणाले, "शेवटी भावाची कमाई घराचीच की."

१३ मार्च, बुधवार

झोप नीट लागत नाही असं मी सहज म्हणाले होते. धाकटीने भावजींच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. दुपारी जेवणानंतर एक. अंग कापसासारखं होतं. उठल्यावर तोंड कोरडं पडलेलं असतं, खूप बोलल्यासारखं.

फोनची काच तडकली होती. भावजींनी दुरुस्तीला नेला.

१७ मार्च, रविवार

आईंना भरवत होते. घास तोंडात, नजर छपरावरच्या मांजरांकडे. आणि त्या म्हणाल्या,

पहिला शब्द. मग दुसरा. मग तिसरा.

जन्मात इंग्रजीचं अक्षर न शिकलेल्या बाईच्या तोंडून, माझे शब्द, माझ्याच क्रमाने. अगदी माझ्या सुरात. दुसऱ्या शब्दावर मी किंचित अडखळते, तिथे त्याही अडखळल्या.

चमचा माझ्या हातून पडला. धाकटीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? आई म्हणाल्या, काय झालं, काय झालं, आणि टाळ्या वाजवल्या.

१८ मार्च, सोमवार

डोकं शांत ठेवून विचार केला. दावा आला की आधी साधं कारण शोधायचं, हे माझं रोजचं काम. साधं कारण असं की मी गोळीच्या गुंगीत बोलते. आई ऐकतात आणि परत देतात. यात भूत नाही, करणी नाही.

पण मग मला याच खोलीत का ठेवलं? मधली खोली रिकामी आहे. तिथे नुसतं इस्त्रीचं टेबल उभं आहे.

भावजींच्या लॅपटॉपवरून नवी डबी मागवली. नव्या डबीला नवे शब्द. सगळं तिकडे हलवलं की जुने शब्द गावभर ओरडले तरी बिघडत नाही. गोळी आज जिभेखाली धरली आणि मोरीत थुंकली.

२२ मार्च, शुक्रवार

पार्सल आलं. धाकटीने माझ्या आधी फोडलं होतं. चुकून झालं म्हणाली. खोक्यात डबी होती आणि सोबत एक छापील कार्ड. त्यावर चोवीस शब्द आयते लिहिलेले. वापरायला तयार, असं वर.

खरी डबी शब्द स्वतः तयार करते, तुमच्यासमोर, आपल्या काचेवर. आयते शब्द देणारा आपल्याकडे त्याची प्रत ठेवून देतो. हे मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला ना, सगळीकडे चोरच दिसतात." आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, आईंच्या केसांवरून फिरवते तसा.

त्या हाताला पार्सलच्या चिकटपट्टीचा वास होता.

२४ मार्च, रविवार

धाकटीने ऑफिसला कळवून टाकलंय की माझी तब्येत बरी नाही, महिनाभर तरी येणार नाही. मला विचारलं नाही. वर म्हणाली, तुमच्यासाठीच केलं.

बाहेर जायला किल्ली मागितली. सापडत नाही म्हणाली. कमरेला लटकत होती.

दार बडवलं. ओरडले. समोरच्या दारामागे कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. या घरातून बाईमाणूस ओरडण्याची जिन्याला सवय आहे. आईंची कृपा.

२५ मार्च, सोमवार

आई बाराव्यापर्यंत पोचल्या. मी गोळी घेत नाही, तरी. मग कधी बोलते मी?

धाकटी त्यांच्या उशाशी बसून केस विंचरत होती. फोन मांडीवर, उताणा, चालू. आईंचा आवाज आठवण म्हणून भरून ठेवतेय म्हणाली. माणसाचा काय भरवसा.

हे सगळं ह्यांनी केलं. डबीला पिन, पिनला कुलूप, कुलपाला शब्द, आणि शब्द माझ्या डोक्यात. डबी इतकी सुरक्षित केली की फोडण्यासारखं घरात एकच काही उरलं. मी. नवरा बायकोसाठी ठेव ठेवून जातो. ह्यांनी बायकोलाच तिजोरी केलं आणि मोकळे झाले.

आज एक वाईट विचार आला. आईंच्या तोंडावर हात ठेवावा, असा. नुसता हात. लगेच उठून त्यांना पाणी पाजलं. पाणी पिऊन त्या तेरावा शब्द म्हणाल्या.

२६ मार्च, मंगळवार

झालं! एकदाचं झालं.

हे एकदा म्हणाले होते, चोवीस शब्दांना आपल्या मनातला आणखी एक जोडता येतो. तो जोडला की डबीत वेगळंच खातं उघडतं. तो शब्द नसेल तर चोवीसच्या चोवीस असूनही त्या खात्याचा पत्ता लागत नाही.

सकाळी भावजी अंघोळीला, धाकटी आईंच्या अंथरुणाशी. लॅपटॉप घेतला, डबी जोडली. शब्द डबीवरच घातला, एकेक अक्षर, बटणं दाबत. अ‍ॅपने नव्या खात्याचा पत्ता दाखवला. डबीच्या काचेवरचा पत्ता पुरता ताडून पाहिला, मगच सगळं तिकडे पाठवायला होकार दिला. बाथरूममधलं पाणी थांबलं तेव्हा केबल माझ्या ब्लाउजमध्ये होती.

तो शब्द मी उच्चारलेला नाही. ओठ हलवलेले नाहीत. इथेही लिहीत नाही. आता म्हणू दे आईंना काय म्हणायचंय ते.

२८ मार्च, गुरुवार

भावजी भर दुपारी खोलीत आले. खुर्ची ओढून बसले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "वहिनी, रिकामं कसं?"

म्हणजे चोवीस पूर्ण झाले होते, जुनं खातं उघडून बघूनही झालं होतं. शरमेचा लवलेश नाही. उलट त्यांच्याच डोळ्यांत पाणी. एवढं हवं होतं तर मागायचं होतंत, मी दिलं असतं, असं काहीतरी मी म्हणाले. खरंच दिलं असतं. अर्धं तर नक्कीच.

ते म्हणाले, मागायचं कशाला, आमचंच आहे.

धाकटी चहा घेऊन आली. दोघं मी पिईपर्यंत उभी. चहा कडू. रोजच कडू असतो, मला वाटायचं पाणी तसं आहे.

गोळी थुंकत होते मी. चहा पीत होते.

२९ मार्च

खोलीला बाहेरून कडी. चहा ओतून टाकला, दुसरा आला. तोही — तहान फार लागते. नळ बंद केलाय.

झोपायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही. पाढे म्हणते, बाराचे, तेराचे. मध्येच शब्द येतो, जिभेच्या टोकापर्यंत — गिळते.

आई माझ्याकडे टक लावून बघतायत. वाट बघतायत.

दाराच्या फटीत सावली. दोन पावलं. हलत नाहीत.

परत दुपार

आई म्हणाल्या. तो. मनातला. पूर्ण नाही, सुरुवात — मी तर कधी —

डावा हात त्यांच्या तोंडावर ठेवलाय. उजव्याने लिहितेय. दाबत नाही. देवाशपथ दाबत नाही, नुसता. त्यांचे डोळे मोठे झालेत. घाबरल्यात बिचाऱ्या. ओठ माझ्या तळव्याखाली मिटलेले, गार, अजिबात हलत नाहीत.

तरी ऐकू येतंय. पहिल्यापासून. एक, दोन, तीन — दुसऱ्यावर किंचित अडखळून —

आई नाहीत. आई गप्प आहेत. दाराबाहेर कोणीतरी श्वास रोखलाय आणि आवाज या खोलीतच, अगदी जवळ, माझ्या दातांना लागतोय — माझाच — तोंड मिटत नाही — बाविसावा, तेविसावा — हात कमी पडतो, लिहिणं सोडायला हव