माझ्यावाचून अडायचं

गुरुवार, संध्याकाळ
वेस्ट मांबलम

आज भाची कावेरी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. ऑनलाइन ज्या कडव्या गटात ती अडकली होती, तो तिने नुकताच सोडलाय. एका माणसाला झोडपल्याचा व्हिडिओ तिथे कौतुकाने फिरला, तेव्हा ती घाबरली. पण इतकी हळवी मुलगी तिथे गेलीच कशी? हिला तर कुणाशी धड भांडताही येत नाही!

शेवटी विचारलंच.

"आत्या, आधी द्वेष नव्हताच गं. एक अक्का होती. रोज माझी चौकशी करायची, आणि ऐकून घ्यायची."

एवढंच? चौकशी तर आम्हीही करतो. ऐकून घेतो का, कोण जाणे.

"मग तिने काम दिलं. नव्या मुलींशी बोलायचं. घरी मला कुणी गॅससुद्धा बुक करू देत नाही. तिथे माझ्यावाचून अडायचं."

माझ्यावाचून अडायचं. हे काही डोक्यातून जात नाही. विखारी बोलणं म्हणे हळूहळू सुरू झालं. तोवर ती माणसं हिची झाली होती. कुणावाचून तरी अडावं, एवढ्यासाठी माणूस इतकं सोसतं?

मग ती रडायलाच लागली. तिनेच गटात आणलेली मदुराईची मीना अजून तिथेच आहे.

"फोन कर तिला," मी म्हटलं.

मीनाने आधी फोन कापला, पुन्हा केला तेव्हा उचलला. कावेरी तमिळमध्ये म्हणाली, "मी बाहेर पडले. का, ते विचारायचं असेल तर विचार."

 या वेळी मीनाने फोन कापला नाही.