दम हाय की!

कोल्हापूर, दि. २८ मे १९७३

गारगोटी मुक्कामी माझी धाकटी बहीण बाळाबाई हिला थोरल्या बनाबाईचे पोटभर आशीर्वाद. हिकडं समदी खुशाल. तुझं गुडघं, तुझी म्हस आणि तुझा नवरा, तिघांची खुशाली ह्याच क्रमानं कळव. पत्र लिहून देणारी वरच्या मजल्यावरची कालिंदी, शाळामास्तरीण. (मी "गेलो" म्हटलं की ती "गेले" लिहिती. चालू दे. "हाय" तेवढं हायच ठेवायचं ठरलंय.)

तर बाळे, पंधरा दिवसांखाली शनिवारी दुपारी रंकाळ्याकडनं असं धुळीचं वादळ उठलं की विचारू नको. दोन सालं पावसाविना वाळलेली समदी रानं उठून शहर बघायला आली. पावणं तरी दारात पाय धुत्यात, ही माती थेट माजघरात. वादळ घडीभरात गेलं आणि खोकला मुक्कामाला राहिला. समोरचा त्र्यंबक वकील एरवी ऐटीत चालतो, तो तीन पावलं आणि एक शिंक अशा चालीनं कोर्टात निघाला. तानाबाईचं डोळं असं सुजलं की आठ दिवस तिला कुणाच्या घरात काय चाललंय ते दिसलं न्हाय. गल्लीला तेवढाच आराम. शेजारचं पाळण्यातलं पोर खोकत हुतं, ते मात्र ऐकवंना. मीच जाऊन ओल्या फडक्यानं त्याचं डोळं पुसून आले.

मुडशिंगीच्या खळ्यावर आपण काय कमी धूळ खाल्ली? आण्णा पाटीतली जोंधळ्याची रास वाऱ्यावर सोडायचे, वारं पडलं की शीळ घालून त्याला बोलवायचे, आणि आपण दोघी मुद्दाम भुसकटाखाली जाऊन उभ्या. सांजचं घरी गेलो की आई म्हणायची, ह्यातली बनी कुठली, बाळी कुठली, हसा बघू! तुझा फुडला दात पडलेला, म्हणून तू सापडायचीस. मग गुळाचा खडा, वर तांब्याभर पाणी, की धूळ पोटात गपगार. आता मला बनी म्हणणारं तुझ्याबिगर कुणी उरलं न्हाय. आणि तीन वर्षं झाली, आपली भेट न्हाय.

यायचं ठरलं हुतं, पिशवी भरली हुती. तेवढ्यात माझ्या सयाजीनं एक नवा डॉक्टर घरी आणला, कोवळा, पुण्याकडचा. त्यानं छातीला नळी लावली आणि विचारलं, आजी, दम आहे का? म्हटलं, हाय की! तुमच्यासारख्या दोघांना पुरून उरंल एवढा हाय. तो म्हणाला, कधीपासून? म्हटलं, जन्मापासनं. आमच्या घराण्यातच हाय. आईला हुता, गारगोटीच्या बहिणीला तर माझ्याहून जास्त. चढावर वाढतो का? म्हटलं, चढ बघितला की वाढतोच! पोरगं कौतुकानं भराभरा लिहून घेतंय असं मला वाटलं. बाहेर जाऊन सयाजीला सांगितलं, जन्माचा दमा हाय, घराण्यातला; धुळीचं वारंसुद्धा लागू देऊ नका. (कागदावर तुझंबी नाव चढलंय, संभाळून ऱ्हा.)

तवापासनं खिडक्या बंद, उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाय, आणि गारगोटीची एस.टी. तर नावच काढायचं न्हाय. म्हणतो, त्या रस्त्याला किती धूळ, आई! पिशवी भरलेली तशीच खुंटीला हाय.

तुझी अक्का,
बनाबाई

ता. क. डॉक्टरला गाठून खरं सांगितलं असतं. पण मग तो इचारणार, आजी, गल्ली खोकती आणि तुम्हीच तेवढ्या कशा ठणठणीत? त्या दुपारी डंकावरनं कुटून आणलेली पाच शेर मिरचीपूड मी गच्चीवर उन्हाला पसरली हुती. वादळानं पहिली तीच उचलली. मी जिन्याच्या दाराआड, तोंडाला पदर लावून. पलीकडच्या गल्लीत निस्ती धूळ गेली, तिथं चार शिंकांत भागलं. (कालिंदी, लेखणी ठेवू नको. तुझं नाक आता बरं हाय न्हवं?)

ता. क. दुसरा. म्हणून तूच सयाजीला पत्र घाल, की बनीच्या दम्याला गारगोटीची हवा मानवंल, पाठवून दे. माझं तोंडचं तो ऐकत न्हाय, मावशीचं कागदावरचं ऐकंल.

ता. क. तिसरा. डॉक्टर अगदीच चुकला न्हाय. माघापासनं जिन्याच्या सहाव्या पायरीवर मला थांबावं लागतंय. सयाजी विचारतो, काय बघतीस? मी म्हणते, तुळस. तिथनं तुळस दिसत न्हाय, हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं न्हाय. तवा पत्र ह्याच आठवड्यात घाल.