वॉल्टरच्या गॅरेजातली अडलेली काडतुसं

प्लेनो, टेक्सस
रविवार, २१ मे २००६

तीर्थरूप शैलेंद्रकाका,

त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा कुरकुरतो, तेव्हा सातच अंगं धरावीत). नागपूरचं ऊन यंदा फारच चढलंय आणि तरी तुम्ही भर दुपारी डोक्याला पंचा बांधून बाहेर पडता, असं ऐकतो. तब्येत जपावी. इकडे नीलांबरी आणि केया मजेत आहेत. मीही आहे, फक्त गेले दोन महिने माझं चित्त काडतुसांत होतं. घाबरू नका. सगळं कायदेशीर आहे, ग्रीन कार्ड आलंय, आणि पिस्तूल माझं नाही, शेजारच्या वॉल्टरचं आहे. आमच्या घरात साधं रिकामं काडतूससुद्धा आणायला नीलांबरीची बंदी आहे (एकदा माझ्या खिशातून एक वॉशिंग मशीनमध्ये गेलं. तो आठवडा मी विसरू इच्छितो).

वॉल्टर शहात्तर वर्षांचे. टेलिफोनच्या तारांच्या कंपनीतून रिटायर झाले. इथे एवढ्या वयाच्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारतात. मला ते जड जातं, म्हणून मी मनातल्या मनात पुढे ‘काका’ जोडतो. शनिवारी जेवण झालं की मी त्यांच्या गॅरेजात जातो. दार अर्धंच वर असतं. त्याखालून उन्हाची एक पट्टी आत येते आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू टेबलाच्या पायाशी सरकते. उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी वॉल्टर टाकून देत नाहीत. ती धुवायची, बुडाशी नवी टिकली बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी ठेवायची. गोळी आत शिरावी म्हणून तोंड आधी जरा फाकवावं लागतं, आणि ती बसली की पुन्हा दाबून सरळ करावं लागतं. हे सगळं एका यंत्रावर. दांडा खाली ओढायचा, वर सोडायचा. खाली, वर. कोणी बोलत नाही. वाडग्यात पितळ चमकत असतं, बाहेर कुणाच्या तरी लॉनवर पाणी फिरत असतं, आणि तासाभरानं आपण टेक्ससात आहोत की कुठे आहोत, हेही आठवेनासं होतं. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधतो, काका. त्या गॅरेजात मी काहीही शोधत नसे.

या हिवाळ्यात वॉल्टरनी दारू तोलायचं काम माझ्याकडे दिलं. मला ती बढती वाटली. माप घ्यायचा कॅलिपर मात्र स्वतःकडेच ठेवला. नळकांड्याच्या तोंडाचं माप तेच घेत. सुईच्या तबकडीकडे पाहत, मान हलवत आणि म्हणत, परफेक्ट.

त्यांच्या क्लबात दर एप्रिलला जोडीनं नेम मारण्याची स्पर्धा असते. वॉल्टर आणि त्यांची बायको त्यात बावीस वर्षं उतरले. ती गेल्यावर चार वर्षं ते तिकडे फिरकले नाहीत. यंदा त्यांनी मला न विचारता माझं नाव जोडीला घातलं. मला रडूच आलं (माझा नेम तुम्ही पाहिलेला नाही. क्लबातल्या लोकांनी पाहिलाय, त्यांनाही आलं).

मार्चमध्ये सरावाला गेलो, तर तिसरंच काडतूस अडलं. पिस्तुलाची वरची स्लाइड मागे गेली, पुढे आली आणि थोडी अलीकडेच थांबली. दार लावताना मध्ये चप्पल यावी तशी. ते काढलं, पुढची दोन गेली, मग पुन्हा तेच. वॉल्टर म्हणाले, काडतुसांच्या मॅगझिनची स्प्रिंग थकली असेल. नवं मॅगझिन आणलं. अडलं. तेल घातलं, तेल पुसलं. अडलं. मग ते म्हणाले, मनगट ढिलं धरलं तरी असं होतं. पुढचा आठवडाभर मी ऑफिसात मनगट इतकं ताठ ठेवून माउस धरला की मॅनेजरनं आपुलकीनं चौकशी केली. शेवटी मी एक्सेल शीट उघडली. एकशे चाळीस ओळी, त्यात हवेतल्या दमटपणाचाही रकाना. नीलांबरीनं शेजारी ‘राहू’ असा एक रकाना वाढवून दिला. एवढं सगळं तपासलं, पण वॉल्टरचं माप तपासावं असं मला सुचलंच नाही. गुरूच्या हातून माप काढून घ्यायचं कसं?

मग एका रविवारी नीलांबरीनं त्यांना थालीपीठ खायला बोलावलं. गप्पा छान चालल्या होत्या. वॉल्टरनी जग उचलला आणि ताक ग्लासाच्या बाजूला, टेबलावर, अगदी शांतपणे ओतलं. नीलांबरीनं पुसून घेतलं. ते गेल्यावर ती म्हणाली, “त्र्यंबक, त्यांना दिसत नाहीये.” मी म्हणालो, काहीतरीच, ते गाडी चालवतात. ती म्हणाली, तेच तर.

पुढच्या शनिवारी मी रिकाम्या पिस्तुलाची नळी काढून हातात धरली आणि तिच्यात आमचं एक काडतूस सोडलं. चांगलं काडतूस टण् करून तळाला बसतं. आमचं मध्येच राहिलं. तोंड नीट मिटलेलं नव्हतं. वॉल्टर दांड्याशी बसले होते. मी म्हटलं, मला मापायला शिकवा. उन्हाची पट्टी थोडी सरकल्यासारखी वाटली. मग त्यांनी कॅलिपर माझ्या हातात दिला.

“किती?”

“चारशे अठ्ठ्याहत्तर.” (इंचाचे हजार भाग करायचे, त्यातले. चारशे त्र्याहत्तरच्या वर चालत नाही.)

“पुन्हा बघ.”

मी पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच सांगितलं. ते वाडग्यातल्या पितळावरून हात फिरवत राहिले.

“ऑक्टोबरपासून सुई दिसत नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरनं डोळा पाहिला की आधी गाडीची किल्ली जाईल. मग ही जागा.”

माझ्या बढतीचा अर्थ मला तेव्हा कळला. तराजूचे आकडे दिसत नाहीत म्हणून त्यांनी तो जोखमीचा भाग माझ्यावर सोपवला होता, आणि कबूल करायला लागू नये म्हणून एवढाच एक भाग स्वतःकडे ठेवला होता. मी म्हणालो, डॉक्टरकडे गाडी मी चालवीन. माझं ड्रायव्हिंग त्यांना माहीत आहे, त्यामुळे ते आणखीच खचले. पण आले.

मोतीबिंदूच होता. स्पर्धेच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, त्यामुळे स्पर्धा हुकली. आत गेले आणि माझी कॉफी संपायच्या आत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, तुला जास्त केस आहेत असं मी समजत होतो. मग गॅरेजात जाऊन खुर्चीवर बसले आणि उन्हात तरंगणारी धूळ पाहत राहिले. मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूच आली नाही.

पुढे सगळी काडतुसं पुन्हा यंत्रातून काढून त्यांची तोंडं मिटवली. माप त्यांनी घेतलं. काल पन्नास उडवली, एक अडलं नाही. माझी कुठे गेली ते विचारू नका. त्यांची मात्र मधोमध. रिकामी पितळं गवतात पडत होती, आणि वॉल्टर प्रत्येक कुठे पडतंय ते बघत होते.

सर्वांना यथायोग्य सांगावं.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. : काका, तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकललीत, हे मावशीनं फोनवर सांगितलं. काडतुसांचं मला तसं विशेष काही नाही, पत्र त्या तारखेसाठीच लिहिलंय. जूनअखेर मी तीन आठवडे नागपूरला येतोय. डॉक्टरांशी बोललो आहे.

आणखी ता. क. : सरलामावशी, इथवर तूच वाचून दाखवलंस, हे मला ठाऊक आहे. आता कागद त्यांच्या हातात दे आणि पुढचं त्यांना स्वतःला वाचू दे.

काका, सहा जुलै ही तारीख पक्की केली आहे. हरकत असेल तर या ओळीवर बोट ठेवून मावशीला दाखवावं.