बेदाणे कसे निघाले ते सांग

कवठे महांकाळ

प्रिय ताई,

बेदाणे आधी डब्यात काढून घे, नाहीतर तुझे सासरे आबा येता-जाता मूठमूठ करून संपवतील. मग हे निवांत वाच. पिशवीच्या तळाशी ठेवलंय त्याला कारण आहे. ते ओळीनं सांगायचं म्हणतो, पण माझं ओळीनं सांगणं तुला माहीतच आहे.

साताऱ्याची फॅक्टरी सोडली. दिवसभर एकाच भोकात एकच स्क्रू, जीव रमेना. आता पुन्हा क्रांतीमॅडमची गाडी चालवतोय. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या गावात आल्या होत्या, अभ्यासासाठी फौजींच्या बायकांशी बोलायला, त्याच. सध्या इकडं त्यांचं काम चालू आहे. रान सगळं कोरडं, पण द्राक्षं बघावीत तर अशी. काल इथल्या जिनदत्तअण्णांच्या शेडवर बेदाणा वाळत घातलेला बघत उभा राहिलो, जाळीवर जाळी, माळ्यावर माळा. अण्णा म्हणाले, "बघतोस काय पावण्या, खा की." खाल्ला, आणि तुझ्यासाठी घेतला.

तर मॅडम. त्या नागपूरकडच्या, आपलं बोलणं त्यांना सगळं कळत नाही. मागल्या आठवड्यात चहाच्या गाड्यावर त्यांनी मला त्यांच्या टिपणांतल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. नाव नाही, गाव नाही. "मी या घरात मळीवरची माशी झालीया. पोराला फौजेत धाडायचं न्हाई मला, पण म्हणायचं कुणाला?" आणि विचारलं, मळीवरची माशी म्हणजे काय रे?

चहा हातातच राहिला माझ्या. आपले दादा इस्लामपूरला साखर कारखान्यात, त्या चिकट मळीच्या टाकीवर होते म्हणून तो शब्द आपल्या घरात आला. धड उडता येत नाही, धड बसता येत नाही. माझी शाळा सुटली तेव्हा मलाच म्हणायचे. तुझं-माझं घर सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी तो कधी ऐकलेला नाही.

अर्थ सांगितला. मग म्हणालो, मॅडम, ही बाई मी ओळखली. त्यांनी कागद पालथा घातला. म्हणाल्या, "नाव सांगू नकोस. चूक माझी आहे. तिकडचं बोलणं तिकडच्याच माणसाला वाचून दाखवायला नको होतं." एरवी त्या मला गाडी हळू चालव म्हणून बोलत असतात, त्या दिवशी मुक्काम येईपर्यंत एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला. तू ओळखलंस, तर तिच्या घरचे ओळखणार नाहीत का? त्यांचं तसं ठरलेलं असतं, की ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना आधी वाचून दाखवायचं, मगच छापायचं. म्हणजे येत्या दिवाळीनंतर तुमच्या मारुतीच्या देवळात वाचन, गाव समोर, आणि पुढच्या खुर्चीत आबा. तो शब्द तू तिथं चुलीपुढं दहादा बोललीयेस. मागं आबांनी तो मलाच ऐकवला होता, "काय रं साईराज, आली का मळीवरची माशी?"

मॅडमना आणखी एक गोष्ट लागलीय. त्या दिवशी बोलायला 'हो' नक्की कुणी म्हटलं? आठव, आबांनी आख्ख्या आळीतल्या बायका रांगेत बसवल्या होत्या, फौजेतले जुने सुभेदारच ते. "सगळ्या बोलतील, एकबी न्हाई म्हणायची न्हाई, देशाचं काम हाय." मॅडमनी एकेकीला आत नेऊन, दार लावून विचारलं होतं, बोलायचं नसेल तर नका बोलू. मी बाहेर आबांची बर्फातली ड्यूटी ऐकत होतो. मॅडमना मी म्हणालो, तुम्ही आधी त्या बायकांच्या हातचा चहा प्यालात. चहा पाजलेल्या पावण्याला आमच्याकडं नाही म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे मला कुणी शिकवलंच नाही रे."

तू जे बोललीस त्यावर मी काही विचारत नाही. दाजी सुट्टीवर आले की त्यांना हे सांगायचं का, तेही तुझं तू बघ. दर दिवाळीत येतो, जेवतो. पहाटे आबा शिट्टी मारून तुझ्या धैर्यशीलला भरतीसाठी पळवतात, फौजी कटिंग करून छान दिसतो तो, आणि मी कठड्यावर बसून टाळ्या वाजवतो. आता नाही वाजवणार, एवढंच.

फोन केला नाही, कारण तुमच्याकडं फोन आबा उचलतात, तोही स्पीकरवर. म्हणून हे पत्र, आणि म्हणून बेदाणे. मॅडमना तुझं नाव सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. गेल्या खेपेला त्यांनी दिलेलं कार्ड तुझ्याकडं असेल, त्यावर फोन कर. आबा शेजारी बसले तरी चालतील, खुणेचे शब्द मॅडमशी ठरलेत. बेदाणे गोड होते म्हणालीस, तर तुझं बोलणं आहे तसं राहील. देठं निवडून काढली म्हणालीस, तर तेवढं मळीचं आणि पोराचं काढतील. आंबट निघाले म्हणालीस, तर तुझं सगळंच जाईल, आणि का म्हणून कुणी विचारणार नाही. आणि फोन आलाच नाही तर? मॅडम म्हणाल्या, मग ती नाही म्हणाली असंच मी धरणार. आपल्याकडं बाई गप्प बसली की हो धरतात, ताई. त्यांच्याकडं तसं धरत नाहीत.

तुझाच,
साईराज