पाणी समिती, थेट घरात

प्रिय ठमे,

तब्येत बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात, विषय संपला. आता कामाचं. तुमच्या गावच्या पाणी समितीच्या बैठका मी फोनवर बघते. दचकू नकोस. निवडून आल्यावर तूच म्हणालीस ना, भांडून कॅमेरा लावून घेतला, आता कुणालाही घरबसल्या बैठक बघता येईल? कुणालाही म्हणजे मलाही. शेजारच्या शिंपीणबाईनं लावून दिलं.

पहिल्यांदा मला वाटलं, आपण त्यांना बघतो तसे तेही आपल्याला बघत असणार. म्हणून धुतलेली साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत ताठ बसले. खोकलेसुद्धा नाही. शेवटी शिंपीण म्हणाली, अहो आजी, ते नाही बघत तुम्हाला! मग आधी सांगायचं ना, भवाने! आता पाय पसरून, भाजी निवडत बघते.

तो तुमचा इंजिनियर म्हणाला, टाकी गळत नाही, नुसती पाझरते. तू म्हणालीस, मग खाली बादली ठेवून पाझर मोजू या. मी इथे टाळ्या पिटल्या आणि तिकडे दूध उतू गेलं. जाऊ दे. एरवी तुझा फोन म्हणजे बरी आहेस ना, गोळ्या घेतल्यास ना, ठेवते. इथे मात्र तू बैठक संपेपर्यंत समोर. रागावलीस की अजून कान ओढतेस स्वतःचाच. वाळलीस जरा.

मागच्या बैठकीत तुमचे अध्यक्ष म्हणाले, एवढा खटाटोप आणि बघणारं माणूस एकच, बंद करा हा कॅमेरा, पुढच्या वेळी हात वर करून ठरवू. सगळे खिदळले. दार बंद झालं की गळकी टाकी कागदावर दुरुस्त होणार, हे मलाही कळतं. मला काही गप्प बसवेना. तुझ्या जुन्या घरमालकिणीला फोन लावला. तिचं अंगण त्या टाकीखालीच, बारमाही चिखल. तुम्ही का बघत नाही बैठक, विचारलं. तिला पत्ताच नाही! तुम्ही लिंक लावलीत कुठे, तर कचेरीच्या आतल्या फळ्यावर. शहाण्यांनो, तिथे कोण जातं? घरमालकीण जी पेटली! नळावर, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या दारावर चिठ्ठ्या डकवून आली. न्हावी म्हणे मोठ्या टीव्हीवरच लावणार आहे.

हे तुला कळवणार नव्हते. आई बघतेय म्हटल्यावर तू बोलताना अवघडली असतीस. पण सगळे हसले तेव्हा तू मान खाली घातलीस, ते काही मला बघवलं नाही. म्हणून लिहिते. ते एक माणूस मी होते, ठमे. मी तुमच्या गावची नाही, मला हिशेबात धरू नकोस. पण आता तुमचं गाव बसणार आहे बघायला. तेव्हा मान वर करून बस, तोंड नीट दिसू दे.

तुझीच, भाजी निवडत बसलेली,
आई